खोडलेलं माप

४ फेब्रुवारी
नवी आली. आमच्या एवढ्याशा शिलाईच्या दुकानात आता मास्तर आणि आम्ही दोघी. काम करताना सारखी गुणगुणते, म्हणून मी तिचं नाव ठेवलंय — भुंगा. आज मास्तर म्हणाले, "हिची कात्री बघा, ताई! एका दमात!"
बघितली. 

७ फेब्रुवारी
अकरा वर्षं झाली मला इथे. अजून प्रत्येक माप तीनदा घेते. गिऱ्हाईक वैतागतं. इस्त्री बंद केली ना, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जाते. भुंगा मात्र एकदा टेप लावते नि मोकळी! जळते मी तिच्यावर. लिहूनच टाकते — जळते.

८ फेब्रुवारी
कटिंगचं टेबल मास्तर आमच्यातल्या एकीकडे सोपवणार. मला कशाला देतील! मी मास्तर असते तरी मला दिलं नसतं.

१३ फेब्रुवारी
कोट परत आला! छातीवर बटणच लागेना. कापला होता भुंग्याने. मास्तरांनी तिला गिऱ्हाइकादेखत झापलं. ती एवढंच म्हणाली, "कापताना माझंच चुकलं."
मी मान खाली घालून काजं करत होते आणि मला आतून बरं वाटत होतं. लाज वाटते लिहायला, पण दुपारी दोन घास जास्तच गेले.

१५ फेब्रुवारी
टेबल मला!! मास्तर म्हणाले, "ताई, तुम्ही हळू आहात, पण चुकत नाही."

१६ फेब्रुवारी
टेबलाचा खण आवरताना अगदी तळाशी त्या कोटाची चिठ्ठी सापडली. चार घड्या घातलेली. माप भुंगा यायच्या आधीचं. अक्षर माझं! छाती ४२ — ते खोडून ३९. तिने चिठ्ठीप्रमाणेच कापलं होतं.
तिला गाठलं. दोरा ओवता ओवता म्हणाली, "तुम्ही आधीच किती धास्तावलेल्या असता, ताई. मला काय, बोलणी खायची सवय आहे."
म्हणजे कीव केली माझी! आता धड जळायचीसुद्धा सोय ठेवली नाही मेलीने.

१७ फेब्रुवारी
सकाळी दुकानात शिरल्या शिरल्या चिठ्ठी मास्तरांच्या हातात दिली. वर कटिंगची कात्रीही ठेवली. 
मास्तरांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.
"अहो, पहिलं बरोबर होतं की! खोडलंत कशाला?"