कारी पुढच्या दारात

आन्स रोयाल, माहे बेट, सेशेल्स
मंगळवार, १३ ऑगस्ट

१. रविवारी सकाळी १०.४० वाजता जिल्बेरच्या घरचे मला मागणी घालायला आले. सोबत मोठं पातेलं होतं.
२. १०.४३ वाजता आईनं कारीला पुढच्या दारानं घरात घ्यायला सुरुवात केली.
३. १०.५१ वाजता कारी दारात अडकली.
४. मागणी घातली गेली.
५. दुपारी २.५० वाजता कारी सुटली. जखमी कोणी नाही. चौकटीचा डावा खांब गेला.

आदरणीय आन्सेल्म मामांना झेनीनचा नमस्कार. तुमची पाठ, रोझलीन मामींचा दमा आणि प्रालँ बेटावरचं सगळं ठीक असेल अशी आशा आहे. आमच्याकडे निरफणस भरपूर लागलाय. आईचं रक्तदाब मोजायचं यंत्र मी तपासलं, ते तीन अंकांनी जास्त दाखवतं. आईला सांगितलेलं नाही, कारण त्या तीन अंकांमुळे ती मीठ कमी खाते. नऊ वर्षांनी पत्र लिहितेय, म्हणून आधी घडलेलं क्रमानं दिलं. (कचेरीत वजनकाट्यांचे अहवाल असेच लिहावे लागतात.) एक विनंतीही आहे, ती शेवटी.

कारीची हकिगत तुम्हाला माहीत आहे, पण पत्र मामीही वाचतील. फिलोमीन पणजी जन्मली तेव्हा तिच्या वडिलांनी रीतीप्रमाणे कासवाचं पिल्लू आणलं: मुलगी वाढेल तसं कासव वाढेल आणि तिच्या लग्नात पंगतीला वाढलं जाईल. नाव ठेवलं कारी, म्हणजे कालवण. हेतू लपवला नाही. पण पणजी एकोणिसाव्या वर्षी खोबऱ्याच्या जहाजावरच्या खलाशाबरोबर मागच्या दारानं निघून गेली, आणि दोन वर्षांनी पोर घेऊन त्याच दारानं परत आली. आजीनं आजोबांबरोबर एकतीस वर्षं संसार केला, लग्नाचा अर्ज भरायला दोघांना वेळ झाला नाही. आईचा नवरा मुलगा लग्नाच्या आठवडाभर आधी ट्यूनाच्या बोटीवर चढला (ते माझे वडील). अशा तऱ्हेनं कारी एकशे तीन वर्षांची झाली. आमच्या बायकांनी तिला जगवलं असं आई म्हणते. आता कासवं कोणी कापत नाही, पण आईचा कोणावर विश्वास नाही, आणि त्याला कारण तुम्ही आहात. नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी माडी पिऊन तुम्ही म्हणालात, "या घरातल्या बायकांना तर ती लागत नाही, मग उद्या माझ्याच पंगतीला होऊन जाऊ दे!" ती थट्टा होती असं तुमचं म्हणणं. असेल. सुरीला मात्र ताजी धार होती, मी तेव्हाच अंगठ्यानं तपासली होती.

तर रविवारी जिल्बेरचे वडील, एव्हारिस्त काका, ला दीग बेटावरून आले. होड्या बांधतात, वय अठ्ठ्याहत्तर, जुन्या रीतीला धरून. मुलीकडचं कासव तर मुलाकडचं पातेलं, ही ती रीत. कासवाचा भाग सुटला तरी आपला भाग का सोडा, म्हणून त्यांनी पातेलं आणलं. फाटकातून चौघांनी उचललेलं ते पातेलं आईनं पाहिलं आणि केळ्यांचा घड घेऊन ती कारीकडे धावली. कारी दारातून जाईल का, असं तिनं मला ओरडून विचारलं. मी सांगितलं, दार शहात्तर सेंटिमीटर, पाठ चौऱ्याहत्तर, जाईल. चूक माझी. मी पाठ मोजली होती, पाय मोजले नव्हते. चालताना ते कोपरांसारखे बाहेर येतात. अर्धी कारी घरात, अर्धी अंगणात, आणि तिचं एकशे अडतीस किलो वजन चौकटीवर.

"माझ्या जिवात जीव आहे तोवर हिला त्या पातेल्यात जाऊ देणार नाही!" आई आतून ओरडली.

"अहो बाई, पातेल्यात जागा कुठंय?" एव्हारिस्त काका बाहेरून म्हणाले. "ऑक्टोपसचं कालवण आहे, काठोकाठ. पहाटेपासून ढवळतोय. झाकण काढून बघा तरी."

आईला ते बघायला बाहेर येता येईना आणि त्यांना आत येता येईना. मी मागचं दार सुचवलं. काकांनी साफ नकार दिला. "मागणी पुढच्या दारानं घालतात, मुली. मागच्या दारानं पळवून नेतात." (आपल्या घराला याचा अनुभव आहे.) शेवटी त्यांनी टोपी काढून कारीच्या पाठीवर ठेवली आणि तिच्या शेपटीकडच्या बाजूनं, खणखणीत आवाजात, जिल्बेरसाठी माझा हात मागितला. आईनं डोक्याकडच्या बाजूनं होकार दिला. ताटं आमच्याकडे होती आणि कालवण त्यांच्याकडे, त्यामुळे ताटं पाठीवरून गेली आणि भरून पाठीवरूनच आली. जिल्बेर म्हणाला, "प्राण्यांचे डॉक्टर म्हणतात ही अजून साठ वर्षं जगेल. तिला घाई नाही, पण मला संध्याकाळची बोट आहे."

एक नोंद राहिली. ११.३२ वाजता, कारीचे पाय ओढून, ढकलून, पाणी ओतून झाल्यावर, आई म्हणाली, "आन्सेल्म असता तर पाच मिनिटांत उठवली असती." तुम्ही कारीच्या मानेखाली खाजवायचात आणि ती पाय ताठ करून उंच व्हायची, तेव्हा पाय आत येतात आणि ती अरुंद होते, हे खरं आहे. पण तुमचं नाव या घरात नऊ वर्षांत पहिल्यांदा निघालं. मग सगळ्यांनी खाजवून पाहिलं, मी डावीकडे, जिल्बेरनं उजवीकडे. कारीनं डोळे मिटले. २.५० वाजता ती आपणहून मागे सरकली. कारण कळलं नाही. नंतर पातेल्याच्या सावलीत झोपली.

कारी अजून साठ वर्षं जगेल असं धरलं, तर ती वाट बघू शकते. तुम्ही एकसष्ट, आई चौसष्ट. तिच्या वेळापत्रकानं तुम्हा दोघांना चालून भागणार नाही.

आपली,
झेनीन

ता. क. लग्न शनिवारी, २१ सप्टेंबरला आहे. चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत एकतीस मीटर अंतर आहे, मी मोजलं. ते मुलीनं वडिलांच्या हाताला धरून चालायचं असतं. ट्यूनाची बोट अजून परत आलेली नाही. तुम्ही चालाल का? पत्राचं कारण एवढंच आहे. कासवाचं तुम्ही इथपर्यंत वाचावं म्हणून लिहिलं.

ता. क. २. हे पत्र आईला माहीत नाही.

ता. क. ३. मी पाकीट आणायला गेले तेवढ्यात आईनं वाचलं. यंत्राचे तीन अंकही तिला कळले. तुम्हाला निरोप आहे: सुरी प्रालँवर ठेवून ये, आणि नेमकं कुठं खाजवायचं ते एकदा दाखवून जा, चौकट दुसऱ्यांदा बसवायची नाहीये.

शुक्रवार, ३० ऑगस्टपर्यंत हो किंवा नाही कळवावं.