काळी चारचा टेपरेकॉर्डर

बाबा,

टेपरेकॉर्डर घ्यायला आपण दवनीवाड्याहून गोंदियाला गेलो, त्या दिवसाचं हसू मला अजून आवरत नाही. सगळीकडे सीडी वाजत होत्या आणि तुम्हाला हवा होता जुनाच, एकेक आवाज वेगळा भरता येईल असा टेपरेकॉर्डर. कारण आई. आजारपणानंतर तिचा वरचा सूर लागेना आणि तिने विहारात गाणंच सोडलं. घरी तुम्ही पेटी उघडलीत की ती उठून अंगणात जायची. ते तुम्हाला बघवत नव्हतं.

जुन्या सामानाच्या दुकानदाराने विचारलं, "कितनी पट्टी का चाहिए? चार की, आठ की?" तो बोलत होता टेपवर शेजारी शेजारी भरायच्या आवाजांबद्दल. तुम्हा पेटीवाल्याला पट्टी म्हणजे सुराचीच. तुम्ही ठणकावून सांगितलंत, "चारच पायजे. पन काळी चार!" तो आधी बघतच राहिला, मग पोट धरून हसला. "अरे भाई, सुर की पट्टी तो इस बटन से बदलती है," म्हणत त्याने चार पट्ट्यांच्या एका ओरखडे पडलेल्या मशीनचं बटण फिरवलं. गाणं खाली उतरलं, पुन्हा चढलं. दुसरा कुणी ओशाळला असता. तुम्ही स्टूल ओढून बसलात, चकचकीत आठवालं बाजूला सारलंत आणि ते ओरखडे पडलेलंच घेतलंत. फजितीतूनही कामाचं तेवढं उचलायची तुमची ही अक्कल मला फार मोठी वाटते.

मला अजून दिसतं: स्वयंपाकघरात तुम्ही काळी चारमध्ये पेटी भरता, मग आईला न सांगता टेपचा वेग कमी करता. पेटी खालच्या काळी तीनमध्ये वाजू लागते, तिच्यावर आईला गायला लावता. वेग पहिल्यासारखा केला की आईचा जुना आवाज घरभर होतो. "पाय, तुहा आवाज कोठी गेला नाही," तुम्ही म्हणता. आई डोळे पुसत हसते. पुढच्या पौर्णिमेला ती विहारात गायला उभी राहिली, आणि तुम्ही गुपचूप पेटी काळी तीनमध्येच धरलीत.

आज हे सगळं मी आईला सांगून टाकलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मले तवाच समजला होता. एवढी वर्सं गाऊन राहिली, पट्टी नाही समजन काय?"

"मग बोलली काऊन नाहीस?"

"तुहा बाप किती खुश होता! त्याले सांगू नोको."

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती असंच म्हणाली. हे पत्र कुठे धाडता येत नाही, ते बरंच आहे. मी तिला हो म्हटलं, आणि घरी येऊन पहिलं तुम्हालाच लिहायला बसले.