'विडो' शब्दाचं टिपण

ऑक्सफर्ड,
६ नोव्हेंबर १९२४

प्रिय आई,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. लोकरीचे मोजेही मिळाले, आत्ता पायातच आहेत. मी बरी आहे. डोळे तेवढे संध्याकाळपर्यंत चुरचुरतात. शब्दकोशाच्या कचेरीत डब्ल्यू अक्षर काही संपत नाही.

दिवसभर करतेस काय, असं तू विचारलंस. दोन आठवडे एकाच शब्दामागे आहे : विडो. त्याचं मूळ शोधत मागे मागे जायचं. जुन्या इंग्रजीत 'विडुवे', लॅटिनमध्ये 'विदुआ', आणि पार हिंदुस्थानातल्या संस्कृतात 'विधवा'. एवढ्या भाषा बदलल्या, हा शब्द जवळजवळ तसाच.

मी टिपणात लिहिलं : 'वि' म्हणजे विना, 'धव' म्हणजे नवरा. नवऱ्यावाचूनची ती विधवा.

आमच्या वरिष्ठ मिस क्वेनेल यांनी ते वाचलं.

"हेस्टर, हा धव कुठून आणलास?"

"संस्कृत कोशातून. नवरा."

"तो मागाहून आलाय, बाई. लोकांनी 'विधवा' चुकीच्या जागी तोडला आणि त्यातून नवरा काढला. मूळ शब्दात नुसतं एकटं पडणं आहे, रितं होणं. नवरा नाहीच."

"पण इतकी शतकं सगळे…"

"सगळे तुझ्यासारखेच हुशार. खोड ते."

खोडलं. मग दिवसभर दुसरं काही सुचेना.

ऑगस्टमध्ये बटाटे सोलता सोलता तू म्हणालीस, "अल्बर्ट टेबट लग्नाचं विचारतोय. काय सांगू त्याला?" बुटांच्या कारखान्यात बाबांच्या शेजारी वीस वर्षं बसलेला माणूस. मी म्हणाले, "तू बाबांची बायको आहेस."

"होते. आता चार वर्षं भिंतीशी बोलते. भिंत तुझ्यापेक्षा बरी, 'कामात पत्राचं उत्तर राहिलं' असं तरी म्हणत नाही."

मी हसले नाही. दुसऱ्याच दिवशी गाडी धरली. घरातली पहिली पदवीधर, बायकांच्या हक्कांवर कॉलेजात भाषणं करणारी. बाबांना सोडायला मी तयार नव्हते, आणि धरून ठेवायचं काम तुझ्यावर टाकलं होतं. तीन पत्रं अनुत्तरित राहिली ती कामामुळे नाही.

टेबटकाकांना हो सांग. माझी परवानगी आहे म्हणून नाही. ती मागायची वेळ मी तुझ्यावर आणायलाच नको होती. तुझ्या मनात आहे म्हणून. चर्चमध्ये साक्षीदार लागेल तिथे मी सही करीन. शनिवार धरा, एरवी मला रजा मिळत नाही.

तुझं आडनाव बदललं तरी तुझीच,
हेस्टर