बोकडाचे डोळे गोठवण्याविषयी

तीर्थरूप दादास,

पाठ धरल्यामुळे अर्धाच वाकून केलेला नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? माझं विचारू नकोस. न विचारताही सांगणारच आहे.

गेले सहा महिने तुझ्या मटणाच्या दुकानातून आमच्या प्रयोगशाळेत बोकडांचे डोळे येताहेत. त्यांचं मी काय करते, हे तू कधी विचारलं नाहीस (वहिनी तर शेजारणींना सांगते, मी चष्मे बनवते). तर ऐक. डोळ्याच्या आतला पडदा सोलायचा, बर्फात रोवलेल्या काचनळीत हाताने घोटायचा, मग यंत्रात गरगर फिरवायचा. तळाशी चिमूटभर तपकिरी गाळ उरतो. ती मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या चुली म्हण. पेटत्या चुली ऑक्सिजन खातात. किती, ते मोजायचं. आमच्या खातच नव्हत्या. सहा महिने ढिम्म! त्यावर आमच्या सरांनी शोध लावला, की जन्मभर उजेड बघून बघून या चुली विझतात. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, पेपरात फोटो आला (त्यात माझी कोपरापर्यंतची बाही आहे).

आणि मंगळवारी तुझा नवा फ्रीजर बिघडला, डोळे नुसते बर्फावर आले. चुली अशा भडकल्या, की मोजणाऱ्या यंत्राची रेघ कागदाबाहेर! तुला फोन केला, तर तू वर अभिमानाने म्हणालास, "अगं, एरवी दगडासारखे गोठवूनच पाठवतो. बहिणीला नासका माल देईन का?" अरे देवा! गोठवलं की त्या चुली फुटतात रे! (डोळे वाटेत वितळून येतात, मला कळणार कसं?) मी 'बर्फावर ठेव' म्हटलं होतं, 'बर्फ कर' नव्हे. तुझ्या मायेने माझे सहा महिने मातीत घातले.

सरांना ती रेघ दाखवली. म्हणाले, तुझा हात बिघडलाय. नऊ वर्षं याच हाताने घोटतेय, बोटांना घट्टे पडले, आणि म्हणे हात बिघडला! नुसता संताप झाला. माझी नोकरी सरांच्या दरवर्षीच्या सहीवर चालते, तुला ठाऊक आहे; यंदाची सही शुक्रवारी. त्याआधी गुरुवारी त्यांच्यासमोर पुन्हा घोटून दाखवायचंय. तेव्हा खरं काय ते तोंडावर सांगणार आहे. मी कुणाच्या बापाला भीत नाही.

तुझी,
अजून तरी नोकरीत असलेली बहीण

ता. क. रागाच्या भरात लिहिलंय, मनाला लावून घेऊ नकोस.

आणखी एक ता. क. फ्रीजरवाल्याला आजच्या आज बोलाव. गुरुवारचे डोळे गोठवूनच पाठव, दादा.