अर्जातून खोडलेली ओळ

अब्बा, एक अर्ज माझ्यामुळे फेटाळला गेला. तो मी तुमच्या पद्धतीने लिहिला होता, म्हणून तुम्हालाच सांगतेय.

तुम्ही तालुक्याच्या कोर्टासमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचात. दहावीच्या सुट्टीत मला शेजारी बसवलंत. एका कोळणीची मासे वाळवायची जागा कुणीतरी बळकावली होती. मी तिचे सगळे हाल लिहिले. तुम्ही अर्ध्याहून जास्त खोडलंत आणि तिच्यासमोरच म्हणालात, "रडगाणं नको. काय झालं तेवढंच लिही." मला रडू आलं होतं. पण तिचं काम झालं, आणि मला ती सवय लागली. इथं कुवेतमध्ये एका वकिलाच्या ऑफिसात भाषांतरं करते, तेही त्या सवयीवरच.

ऑफिसात चहा-सफाईला एक आफ्रिकन बाई आहे. तिचा नवरा तिकडे शाळेत मास्तर होता. एका सभेत बोलला म्हणून पोलिसांनी त्याला उचललं. दोन वर्षं झाली, अजून कोर्टापुढे आणलेलं नाही. तिकडच्या देशांचा मिळून मानवी हक्कांचा एक आयोग आहे, तिथे दाद मागता येते असं तिने ऐकलं होतं. एका शुक्रवारी ती मंगफ भागातल्या माझ्या घरी आली. स्वयंपाकघरात बसून मोडक्या अरबीत तिने सांगितलं, मी शिजत्या डाळीकडे बघत लिहून घेतलं. तिकडे तिची सासू तीन वकिलांकडे गेली, तिघांनीही भीतीपोटी नकार दिला, एकाने तर दारच उघडलं नाही.

टाइप करताना मी ते खोडलं. गाऱ्हाणं सरकारविरुद्ध आहे, वकिलांची रड कशाला, असं वाटलं. आयोगाच्या अटी मी वाचल्या होत्या, अब्बा. तक्रारदाराचं नाव हवं, भाषा शिवराळ नको, नुसत्या बातम्यांवर भागत नाही. आणि आधी आपल्या देशातल्या कोर्टांचे दरवाजे ठोठावलेले हवेत. ते बंद असतील तर कसे बंद, ते दाखवायचं. तिला इंग्रजी येत नाही. तिने वाचून दाखवायला सांगितलं, तर मी म्हटलं, बरोबर आहे, सही कर.

कित्येक महिन्यांनी उत्तर आलं. तक्रार दाखल करून घेता येत नाही. देशातल्या कोर्टात का गेला नाहीत, याचा खुलासा नाही. नवऱ्याचं काय झालं, इथपर्यंत ते पोचलेच नव्हते.

तिने शांतपणे विचारलं, "वकिलांचं लिहिलं होतं ना आपण?"

मी म्हटलं, "हो."

त्या दिवशी मला तुमचा राग आला. मग आठवलं, खोडण्याआधी तुम्ही त्या कोळणीला तासभर प्रश्न विचारत होतात. मी तो तास विसरले आणि खोडणं तेवढं शिकले.

आता नवा अर्ज केलाय. सासूचं प्रतिज्ञापत्र आलं, तिघांतल्या एका वकिलाने नकार लेखी दिला. पण मधल्या काळात नवऱ्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं. कुठे, ते तिला कुणी सांगत नाही. आयोगाला आणखी पुरावा हवाय, एवढंच मी तिला सांगितलं. या वेळी मी स्वतःहून वाचून दाखवायला लागले, तर तिने थांबवलं. म्हणाली, "तुझ्यावर विश्वास आहे," आणि सही केली.

ती ओळ मीच खोडली होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगितलं, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही.