आईच्या चुलीवरचा पंखा

सोमवार, ता. ६ जानेवारी १९३६

ठरलं! आईच्या चुलीवर पंखा बसवायचा. भोगीच्या आत. म्हणजे एक आठवडा हातात.

आज सकाळी पुन्हा तेच. कामावर निघालो तर स्वयंपाकघरात धूरच धूर, आणि त्या धुरात आई डोळ्यांना पदर लावून बसलेली. म्हटलं, चल, डोळे दाखवून येऊ. "मला काय धाड भरलीया? समदं दिसतंय की!" — झालं, बोलणं संपलं. वर मलाच, "जा, भोंगा व्हईल."

मिलच्या दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, माणूस बघितल्याशिवाय मी काय सांगू? पण धूर आधी बंद करा, नाहीतर उरलीसुरली नजरही जाईल. उरलीसुरली! हा शब्द दिवसभर डोक्यातून गेला नाही.

मिलमधल्या दोन खात्यांचे पंखे न् मोटारी माझ्या हाताखाली चालतात, आणि माझ्या आईनं घरात धुरानं आंधळं व्हायचं? मग कशाला झालो मी वायरमन!

मंगळवार, ता. ७

साहेबांना विचारून भंगारातला एक लहान पंखा आणला. एक पातं वाकलेलं. ठोकून सरळ केलं. आता झकास फिरतो.

गोजर म्हणते, "चुलीला वारा घालायला पंखा? पेठेतली माणसं हसतील की." नवऱ्याच्या अकलेवर बायकोचा एवढा विश्वास! म्हटलं, वारा घालायला नाही, धूर ओढायला. हसू देत.

बुधवार, ता. ८

घासलेटचे दोन डबे कापून पत्रा सरळ केला. चुलीच्या वर भिंतीला बसेल असं उलट्या नरसाळ्यासारखं केलं, सांध्यांना डाख दिला. बोट कापलं. गोजरनं त्याचं नावही ठेवलं — टोपडं! चुलीचं टोपडं. आमची बनी तर ते डोक्यावर घेऊन घरभर नाचली. तीन वर्षांची चिमुरडी, पण अंगात नुसतं वारं!

जागा करायला फळीवरची मडकी खाली काढली तर आईनं घर डोक्यावर घेतलं. "माझ्या मिठाच्या मडक्याला हात लावू नका!" अगं, वीतभर तर सरकवलं! म्हातारपणी माणूस हट्टी होतं हेच खरं. सगळं होतं तिथं परत ठेवलं तेव्हा गप्प बसली.

गुरुवार, ता. ९

भिंतीला भोक पाडायला घेतलं. दगड-मातीची दीड हात जाड भिंत! पहार मारली की काजळीचे पोपडे तोंडावर पडत होते. तो वास नाकात गेला आणि मी हितं राहिलोच नाही. सरळ गावी, मंद्रूपला पोचलो.

आमच्या धाब्याच्या घराला छतात एक सवणं होतं. धूर जायला एवढीच वाट. रानातून येताना लांबूनच बघायचो, सवण्यातून धूर निघतोय का. निघत असला की पाय आपोआप पळायला लागायचे. आई आहे, भाकरी आहे! घरात शिरलो की आधी काही दिसायचं नाही. नुसता आवाज — परातीत भाकरी थापल्याचा, बांगड्यांचा, मग खोकल्याचा. त्या आवाजाच्या रोखानं जाऊन मी तिच्या मांडीला टेकायचो. तिच्या लुगड्याला धुराचा वास. अजून कुठं तुराट्या पेटल्या की मला भूक लागते.

आणि अभ्यास! चिमणीत घालायला तेल नसायचं. आई म्हणायची, "तू वाच, मी जाळ घालती." स्वयंपाक उरकलेला, तरी ती चुलीशी बसून एकेक तुराटी आत सरकवायची. भपकन उजेड व्हायचा, मी चार ओळी वाचायचो. जाळ बसला की ती फुंकणी घ्यायची. मी उजेडाकडं पाठ करून बसायचो, पुस्तकावर उजेड पडावा म्हणून. तिचं तोंड मात्र जाळाकडं, धुराकडं. सातवी पास होईपर्यंत हेच चाललं! ती एक अक्षर शिकलेली नाही, आणि मी आज इंग्रजी आकड्यांची मीटरं वाचतो.

आज हे सगळं आठवलं. पहार टाकून पाणी प्यायलो. गोजरला म्हटलं, काजळी गेली डोळ्यात.

शुक्रवार, ता. १०

भोक पडलं. पाठ मोडली.

शनिवार, ता. ११

काय सांगू फजिती!

टोपडं भिंतीला ठोकलं. भोकात पंखा बसवला. लाकडी पट्टीवरून तार आणली, दाराशी बटण लावलं. आईला सोप्यात बसवलं, म्हटलं तू आज नुसती बघ. गोजरनं मुद्दाम ओल्या शेण्या पेटवल्या. मी ऐटीत बटण दाबलं —

आणि सगळा धूर आमच्याच तोंडावर! राख उडाली, पीठ उडालं, गोजरचा अवतार भुतासारखा. पंख्याचं तोंड आत! जन्मभर माणसांना वारा घालणारे पंखेच बसवत आलो, हात सवयीनं तसाच बसवून मोकळा झाला. मिलमध्ये कळलं तर जगणं मुश्कील करतील. बनी मात्र टाळ्या पिटत होती — पुन्हा, पुन्हा!

सोप्यातून आई खो खो हसली. लई वर्षांनी ऐकलं तिचं असं हसणं. वडील गेले, ती मंद्रूप सोडून हितं आली, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून चुलीशी जी बसली ती बसलीच. गोजर कितीदा म्हणते, "आत्याबाई, द्या हिकडं, मी थापते." ऐकेल तर ना!

रविवार, ता. १२

पंखा फिरवून बसवला. जमलं! धूर टोपड्यात शिरतो न् सरळ बाहेर. स्वयंपाकघर स्वच्छ. एवढं स्वच्छ की भिंतीवरच्या पाली दिसायला लागल्या.

दहा मिनिटांत शेजारची ईरम्मा कानडी हेल काढत दारात. "एनप्पा! माझं वाळत घातलेलं सूत काळं करतोस काय?" तिची माफी मागितली, बाहेर पत्र्याचा नळ लावून धुराचं तोंड वर केलं. मग तीच आत येऊन पंख्याखाली दोनदा उभी राहून गेली.

आईला विचारलं, कसं झालंय? "चांगलं केलंस रं. पर घरघरतंय लई." एवढंच! मला वाटलं होतं पाठीवरून हात फिरवेल. असो. उद्या भोगी. उद्या बिनधुराची पहिली भाकरी ती थापेल, तेव्हा बघू!

सोमवार, ता. १३. भोगी

वाईट दिवस.

बाजरीचं पीठ, तीळ, भोगीची भाजी — सगळी तयारी गोजरनं केली. पंखा चालू. धुराचं नाव नाही. आई बसली. मी मुद्दाम पाट घेऊन समोर.

पहिली भाकरी जळाली. मला वाटलं, होतं असं. दुसरी तव्यावरून काढली ती कच्ची. तिसरी पार कोळसा! "झाली का गं?" असं ती गोजरला विचारत होती. ती! जिच्या भाकरीला सगळ्या मंद्रूपात तोड नव्हती! मग तिचा हात तव्यावरच पडला. चर्रर्र झालं, आणि मी ओरडलो, "डोळे फुटले का तुझे?"

नको ते बोललो. आठवडाभर राबलो होतो, त्याचा राग. आई परातीत पीठ तसंच टाकून उठली. भिजवलेलं पीठ टाकून उठलेली मी तिला कधी बघितली नाही. गोजरनं तिच्या हाताला तूप लावलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मान वर करवेना.

मी आपला समजावत बसलो की पंख्यानं जाळ वर ओढला जातो, तवा जास्त तापतो, वेग कमी करतो. कुणी ऐकत नव्हतं. गोजरच्या भाकरी चांगल्या झाल्या होत्या. कुणालाच गेल्या नाहीत.

मंगळवार, ता. १४. संक्रांत

मिल बंद. आई चुलीकडं फिरकली नाही. तिच्या शेजारी जाऊन बसलो. काल चुकलो, म्हणालो.

"तुजं न्हाय रं चुकलं. त्या घरघरीत मला भाकर ऐकूच येत न्हाय. वासबी समदा त्योच वढून नेतोय. मग कळावं कशावरनं?"

गोजर दारात होती. तिनं मान खाली घातली. तिला ठाऊक होतं!

आईनं चाचपत माझा हात धरला. म्हणाली, "कुंडलिका, एक सांग. तीन वर्सं झाली, इचारीन म्हणती — बनी दिसायला कशी हाय रं?"