मागखात्यात दोन रात्री

सोमवार, ३ नोव्हेंबर

झालं! ठरलं. मला न विचारता ठरलं, म्हणजे आमच्या घरात जसं ठरतं तसंच. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून लेक आणि जावई आम्हा दोघांना शुक्रवार ते रविवार कुठंतरी पाठवणार. "आई, कुठंही सांग. समुद्र, डोंगर, काहीही." आणि ही बाई, जिला मी पस्तीस वर्षांत एकदाही समुद्र दाखवला नाही, ती म्हणते काय — "मला गिरणीच्या गावाला जायचंय."

चहा माझ्या नाकात गेला. गिरणी बंद पडून तेवीस वर्षं झाली. तिथं आता बघायला आहे काय? बंद चिमण्या? लेक म्हणाली, "अय्या, किती छान! बाबा, तुमची तरुणपणाची जागा!" छान म्हणे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

जावईबापूंनी हॉटेल शोधलं. आमची गिरणीच आता हॉटेल आहे! मागखात्यात जेवणाचा हॉल आणि राहायच्या खोल्या. बॉयलरच्या खोलीत वाफेचं स्नान. घामानं आंघोळ आम्ही तिथं तेरा वर्षं फुकट केली. भिंतींच्या विटा मुद्दाम उघड्या ठेवल्यात, त्याचंही कौतुक लिहिलंय. आमच्या वेळी गिलावा पडला म्हणून उघड्या होत्या, तेव्हा कुणी फोटो काढायला आलं नाही.

खोलीचं नाव 'विणकर'. जावई मोबाईल माझ्या नाकासमोर धरून, "बाबा, बघा तरी." बघितलं. जिथं पलंग टाकलाय, तिथं माझ्या अंदाजानं अकरा नंबरचा माग होता. माझा बारा नंबर. अकरा कुणाचा होता, ते मी बोललो नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरकडे गेलो. लंगडतच गेलो. त्यानं दाबून, वाकवून बघितलं आणि म्हणतो, "काका, ठणठणीत आहे. भरपूर चाला. कुठं बाहेरगावी वगैरे जाऊन या."

ही शेजारीच बसली होती. इतकी हसली!

शनिवार, ८ नोव्हेंबर

शेवटी बाहेर पडलंच. भाजी चिरता चिरता म्हणाली, "आणि दादाला भेटायचं."

एकोणतीस वर्षांत हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ. त्याच गावात, त्याच बोळात अजून राहतो म्हणे. हिला कुणाकडून कळलं देव जाणे. मी म्हटलं, "त्याला गरज असती तर तो आला नसता का?"

सुरी थांबली. "तुमचं तर त्याच्याशी कधी भांडण झालं नाही. मग तुम्ही का एवढे तडकता?"

खाई त्याला खवखवे. मी उठून गॅलरीत गेलो आणि झाडांना पाणी घातलं. सकाळी घातलेलंच होतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

घरात कुणी नाही. लिहून टाकतो. या वहीला तरी खोटं कशाला सांगू.

मला गिरणीत चिकटवलं हिच्या दादानं. माग शिकवला त्यानं. पहिले दोन महिने मी धागे तोडत होतो आणि तो स्वतःचा माग सोडून माझे जोडत होता. जेवायला घरी नेलं. तिथं ही दिसली. बहीणही त्यानंच दिली, "पोरगा हाताचा जरा ढिला आहे, पण मनाचा बरा आहे" म्हणून. मनाचा बरा!

गिरणीत प्रत्येक विणकराचा रंग ठरलेला होता. कापडाचा तागा मागावरून उतरवला की त्याच्या टोकाला आपल्या रंगाचा धागा बांधायचा. माझा निळा, त्याचा पिवळा. तपासनीस डाग बघायचा, धागा बघायचा आणि नाव लिहायचा. तोंड बघायची कुणाला गरज नव्हती.

त्या वर्षी माणसं कमी करायची होती. ज्याचे तागे जास्त खराब, तो बाहेर. सरळ हिशेब. माझ्या मागातून तेल गळत होतं. दादा रोज सांगायचा, "पाळी सुरू करायच्या आधी पुसून घेत जा रे." मी कंटाळा करायचो. एके दिवशी पत्त्यांचा डाव रंगला, माग तसाच चालू ठेवून गेलो, आणि परत येऊन बघतो तर दोन तागे काळे. लेक तेव्हा वर्षाची होती. मला फक्त तिचं तोंड दिसत होतं, असं मी स्वतःला नेहमी सांगतो. खरं म्हणजे मला माझीच कातडी दिसत होती.

पिवळ्या धाग्याची गुंडाळी अकरा नंबरवर पडलेली होती. मी तागे उतरवले आणि निळ्याऐवजी पिवळा बांधला. दोन गाठी. मिनिटभराचं काम. दादा त्या वेळी खाली गेला होता. आम्हा दोघांसाठी चहा आणायला.

फाटकावर यादी लागली, तिच्यात त्याचं नाव. तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आमच्या घरी यायचाही बंद झाला. मी समजलो, शरमेनं. ही काही विचारायची नाही, मी काही सांगायचो नाही. पाहुण्यांत मात्र सांगत फिरलो, "काय करणार, लक्षच नव्हतं त्याचं कामात." खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात तो मीच.

आणि सहा वर्षांनी गिरणीच बंद! ज्या नोकरीसाठी हे केलं, ती सहा वर्षं टिकली. बास.

बुधवार, १२ नोव्हेंबर

हे पान फाडायचं होतं. फाडलं नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

लेक कामावर गेल्यावर हॉटेलला फोन लावला. "बुकिंग रद्द करायचंय." तिकडची मुलगी गोड आवाजात, "सर, रद्द नाही होणार, पण तारीख पुढे नेता येईल. कितीही पुढे." माझ्या तेराव्यापर्यंत न्या म्हणणार होतो. "सर, कारण सांगाल का?" मी फोन ठेवला.

संध्याकाळी लेकीला हॉटेलचा निरोप पोचला. "बाबा, तुम्ही फोन केला होतात?" मी म्हटलं, गरम पाणी चोवीस तास आहे का ते विचारत होतो. तिनं कौतुकानं आईकडे बघितलं. बाबा आता उत्साहात आले म्हणे!

शनिवार, १५ नोव्हेंबर

हिनं दादाला पत्र टाकलंय. आठ दिवस झाले. मला आज सांगते. काय लिहिलंस विचारलं, तर "आमचं बहीण-भावाचं आहे."

माझ्यासाठी नवा शर्ट आणलाय. पांढरा. "दादासमोर ताठ मानेनं उभं राहायचं तुम्ही." असं का म्हणाली? मी दिवसभर तेच चघळतोय. हिला काही कळलंय की काही कळलेलं नाही? पस्तीस वर्षं एका घरात राहून मला हिचा चेहरा वाचता येत नाही. तपासनीस बरा, त्याला निदान धागा होता.

सोमवार, १७ नोव्हेंबर

उत्तर आलं. कार्डावर एकच शब्द — "या."

ही ते कार्ड चारदा वाचत होती. चारदा! एक शब्द!

म्हणजे तो बोलणार. समोर बसवून, हिच्यासमोर, सगळं. त्याला तेव्हाच समजलं असणार. स्वतःचे तागे न ओळखणारा विणकर तो नव्हता. एकोणतीस वर्षं राखून ठेवलंय, आता कशाला सोडेल? मी असतो तर सोडलं नसतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बॅग भरून झाली. जावयानं तासागणिक कार्यक्रम छापून आणलाय. शनिवारी दहा ते अकरा, 'माग चालवण्याचा अनुभव घ्या'. मी! अनुभव! त्यापुढे हिनं पेनानं लिहिलंय, 'चार वाजता दादा'.

त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिनं माझ्या तोंडून ऐकलेलं बरं. हा काही मोठेपणा नाही. नुसती घाबरट माणसाची घाई आहे. उद्या सांगतो.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सांगितलं.

सकाळी, चहा झाल्यावर. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. तेल, पत्ते, दोन तागे, पिवळा धागा, चहा आणायला गेलेला दादा, काही गाळलं नाही. मला वाटलं रडेल, कप फेकून मारेल, निदान "अहो, काय केलंत हे" म्हणेल. काही नाही. हातातल्या टॉवेलची घडी मोडली, परत घातली, परत मोडली. मग मला विचारलं, "नक्की? तुम्हीच?"

नक्की म्हणजे काय! असं कुणी उगाच अंगावर घेतं का?

"हो," म्हटलं.

ती आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. दुपारी जेवण मी वाढून घेतलं. लेकीचा कामावरून फोन आला, "बाबा, सगळी तयारी झाली?" झाली म्हटलं. मनातून जरा हलकं वाटलं, हेही लिहून ठेवतो. निर्लज्जपणाच तो, पण वाटलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ही गेली. एकटी.

दारात चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता बोलली. "यादी लागली त्याच दिवशी दादा घरी आला होता. तुम्ही पाळीवर होता. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं मला सगळं सांगितलं. मी त्याला म्हटलं, खोटारड्या, माझ्या संसारावर जळतोस, परत या घराची पायरी चढू नकोस. आणि उद्या मी त्याला तुमच्या पाया पडायला लावणार होते."

मी गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घातलं.